कोकणातले समुद्रकड्यावरचे किल्ले: बडोद्याहून जाताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी जवळ आली की बडोद्यातल्या मराठी घरांमध्ये कोकणचे प्लॅन सुरू होतात, आणि हल्ली नुसता बीच आणि मोदकांवर कुणाचं भागत नाही, एखादा किल्ला बघायचाच असतो. फार चांगली गोष्ट आहे. पण रत्नदुर्ग, कोर्लई, जयगड हे किल्ले थेट समुद्रावर आलेल्या टेकाडांवर, कड्यांवर आहेत, आणि तिथला धोका आपल्या ओळखीचा नाही. विश्वामित्रीला पाणी चढायला लागलं की आपल्याला न सांगता कळतं, समुद्राचं तसं होत नाही, त्याच्याजवळ आपण राहिलेलो नाही. म्हणून लोक नेहमी जे विचारतात ते सगळं इथे एकत्र लिहितोय. जमलं तर गाडीत बसल्यावर सगळ्यांना वाचून दाखवा, विशेषतः ज्यांच्या हातात सतत फोन असतो त्यांना.

नक्की कुठल्या किल्ल्यांबद्दल बोलताय?

ज्यांना एका बाजूने जमीन आणि उरलेल्या बाजूंनी समुद्र किंवा खाडी आहे, असे. रत्नागिरीचा रत्नदुर्ग, तिथे भगवतीचं देऊळ आणि दीपगृह आहे म्हणून बहुतेक जण जातातच. अलिबागच्या पुढे रेवदंड्याची खाडी ओलांडली की कुंडलिकेच्या मुखावर कोर्लई. गणपतीपुळ्याहून पुढे शास्त्री नदीच्या मुखावर जयगड. गुहागरजवळ अंजनवेलचा गोपाळगड, वाशिष्ठीच्या मुखावर. मुरुड-जंजिरा, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग हे पाण्यातले, तिकडे होडीने जावं लागतं, त्यांचे धोके वेगळे, ते इथे घेतलेले नाहीत. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले, त्यात सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, खांदेरी आहेत. रत्नदुर्ग, कोर्लई, जयगड, गोपाळगड हे आपले चार त्यात नाहीत. आणि गर्दी कमी असली की काही झालं तर मदतीला माणसंही कमी, हे लक्षात असू द्या.

दिवाळीत गेलं तर चालेल का? बेस्ट सीझन कुठला?

माझं मत विचाराल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. हवा बरी असते, समुद्र शांत असतो, गवत वाळून बसलेलं असतं त्यामुळे पाय कुठे पडतोय ते दिसतं.

दिवाळीत जाता येतं, पण तीन गोष्टी डोक्यात ठेवून. पहिली म्हणजे गवत. पाऊस नुकताच संपलेला असतो, किल्ल्याच्या आत कमरेएवढं गवत माजलेलं असतं आणि तेच गवत कड्याच्या काठावरून बाहेर झुकलेलं असतं, म्हणजे डोळ्यांना जमीन अजून दोन फूट पुढे आहे असं वाटतं पण खाली काहीच नसतं. जुन्या विहिरी, टाकी, पडक्या जोत्यांमधले खड्डे पण त्याच गवतात. दुसरी म्हणजे ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस, सकाळी लख्ख ऊन आणि दुपारनंतर एकदम ढग आणि विजा. तिसरी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही: लक्ष्मीपूजन असतं अमावस्येला, आणि अमावस्येनंतरच्या एक-दोन दिवसांत भरती सगळ्यात मोठी असते. म्हणजे पाडवा-भाऊबीजेला आपण सगळे तिकडे पोचतो तेव्हाच समुद्र उधाणावर असतो. देव-दिवाळीच्या आठवडाभर आधी, अष्टमी-नवमी बघून गेलात तर तेच ठिकाण बरंच निवांत मिळतं.

जानेवारी पण उत्तम, फक्त उत्तरायण सोडून बडोद्याबाहेर पडायला घरातली मुलं तयार होणार नाहीत हे मला माहीत आहे, मग १६-१७ तारखेनंतरचं बघा.

भरती-ओहोटीची वेळ कशी कळणार? आम्हाला त्यातलं काही कळत नाही.

कळतं, सोपं आहे. दिवसात साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, एका पूर्ण भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडं जास्त, आणि रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातली जुनी पद्धत अशी की तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी पण आणि पहाटे पण. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा. पक्ष बदलला की मोजणी परत एकपासून. हा अंदाज आहे, गावागणिक तासभर इकडे-तिकडे होतो, त्यामुळे मोबाईलवर त्या गावाचं भरतीचं टेबल बघाच, पण घरात कालनिर्णय लटकलेलं असताना प्लॅन करायला एवढं पुरतं.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची ती उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपासची भांगाची, म्हणजे लहान. कोळ्यांच्या तोंडून हे दोन शब्द ऐकू येतील, समजून घ्या.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेव बघितलंय, तिथे भरतीत शिवलिंग पाण्याखाली जातं. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक प्रचंड असतो, भावनगरकडे दहा मीटरच्या आसपास जातो. रत्नागिरीकडे हा फरक दोन-तीन मीटरचाच. हे ऐकून लोक म्हणतात मग काय घाबरायचं, पण आखातातलं पाणी चढतं आणि उतरतं, कोकणात समोर उघडा अरबी समुद्र आहे, तिथे पाणी चढता चढता कातळावर आपटतं. धोका उंचीपेक्षा त्या आपटण्याचा जास्त आहे.

आम्ही तर वर किल्ल्यावर असणार. भरतीचा आमच्याशी काय संबंध?

वर राहिलात तर खरंच फार नाही. पण कुणी वर राहत नाही! कोर्लईला दीपगृहापाशी पोचलं की खाली खडपं दिसतात, रत्नदुर्गला कड्याखालच्या गुहेबद्दल ऐकलेलं असतं, कुणालातरी खाली जाऊन बघायचं असतं. कड्याच्या पायथ्याशी जी खडकाची सपाटी असते, ती ओहोटीला अंगणासारखी मोकळी दिसते, आणि भरती सुरू झाली की आधी मागची वाट पाण्यात जाते, तुम्ही उभे आहात ती जागा नंतर. म्हणजे तुम्हाला पाणी पायाशी दिसतं तोपर्यंत परतीचा रस्ता बंद झालेला असतो आणि मागे सरळ कडा.

हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर हेच होतं. पायऱ्या उतरून कड्याच्या कडेने खडकांवरून चालत जायचं, भरतीच्या वेळी तिथे जाऊ नका म्हणून पाट्या आहेत, गावकरी सांगतात, तरी तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. त्यामुळे खाली उतरायचंच असेल तर पाणी अजून ओसरत असताना उतरायचं आणि ओहोटी पूर्ण व्हायच्या आत परत वर यायला निघायचं. पाणी वळलं की मग ‘पाच मिनिटं अजून’ नाही. आणि उधाणाच्या दिवसांत, किंवा स्थानिक कुणी सोबत नसताना, मी कुणालाच खाली उतरा असं सांगणार नाही.

उतरण्याआधी वरून वीस मिनिटं नुसतं बघत बसा. लाटा एकसारख्या येत नाहीत, बराच वेळ लहान लहान येतात आणि मग तीन-चार मोठ्या लागोपाठ. जो खडक काळा ओला दिसतो तिथवर मोठी लाट नुकतीच येऊन गेलेली आहे, जरी आत्ता समुद्र लांब वाटत असला तरी.

आकाश एकदम निरभ्र असेल तर समुद्र सेफ असतो ना?

नाही. लांब कुठेतरी दक्षिणेला वादळ झालं तर त्याच्या लाटा दिवसांनंतर इकडे पोचतात, इकडे वारा पण नसतो आणि ढग पण नसतो. यासाठीच हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उंच लाटांचे इशारे देते, हवामान खात्याचं मौसम ॲप आहे, विजांसाठी दामिनी ॲप आहे. तिन्ही बघायला पाच मिनिटं लागतात. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे महिने, ३ जून २०२० ला निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते कोकणाला घासत जाऊन आपल्याच गुजरातवर आदळलं, ते तर सगळ्यांना आठवत असेल.

आणि गावात ‘बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलाय’ (म्हणजे खराब हवेचा इशारा) असं ऐकलंत तर त्या दिवशी किल्ला राहू द्या, बाजारात फिरा, थिबा पॅलेस बघा.

कडा तर पक्का दगडाचा दिसतो. तो कसा पडेल?

हाच प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पावागडला आपण जो काळा कातळ बघतो तो ज्वालामुखीचा, घट्ट. रत्नागिरी पट्ट्यात त्या काळ्या कातळावर वरचा थर जांभ्याचा असतो. जांभा म्हणजे तो लाल, भोकाभोकांचा दगड, ज्याचे चिरे कापून तिकडे घरं बांधतात. जमिनीतून काढताना तो इतका मऊ असतो की हत्याराने कापता येतो आणि उघड्यावर राहिला की बाहेरून कडक होतो. म्हणजे कड्याच्या काठावर जी कडक काळपट पाठ दिसते ती वरची साल झाली, आत तो तसाच भुसभुशीत असू शकतो. पावसाचं पाणी भोकांमधून आत मुरतं, खालून लाटा पोखरतात, गुहा करतात, आणि वरचा भाग खालून रिकामा होऊन पुढे आलेला राहतो. वर उभं राहून हे अजिबात दिसत नाही. तुम्ही ज्या सुंदर पॉइंटवर उभे आहात तो जमिनीवर आहे की हवेत आहे हे फक्त होडीतल्या माणसाला दिसतं.

तरी काही खुणा दिसतात. काठाला समांतर जाणारी भेग, भले बोटभर रुंद असली तरी. काठाकडे कललेलं झाड किंवा खांब. मातीत एका रेषेत पडलेला खळगा. आणि रंग बघा: जुना जांभा उन्हापावसाने काळा पडतो, त्यावर शेवाळ-दगडफूल चढतं, पण ताजा तुटलेला जांभा विटेहून लाल असतो आणि भोकांमध्ये पिवळी माती दिसते. काठावर किंवा खाली असा लालभडक तुकडा दिसला तर तिथे नुकतंच काहीतरी पडलंय, त्या बाजूला जाऊच नका.

मग काठापासून किती लांब राहायचं?

मापपट्टी कुणी नेत नाही म्हणून सोपा हिशोब: आपल्या स्वतःच्या उंचीच्या निदान दुप्पट. म्हणजे ठेच लागून पुढे आडवे झालात तरी डोकं आणि हात काठाच्या बरेच आत राहतील. ओलं असेल, उतार असेल, वारा असेल, तर त्याहून जास्त. मुलांसाठी हा नियम नाहीच, मुलांचा हात धरायचा.

अजून एक. हे किल्ले बांधणाऱ्यांनी जागा अशी निवडली की समुद्राच्या बाजूला कडाच शत्रूला अडवेल, त्यामुळे जमिनीकडे खंदक, उंच तट, बुरूज सगळं असतं (जयगडचा खंदक बघा, अजून छान आहे), आणि समुद्राकडे पुष्कळ ठिकाणी तट ठेंगणा असतो किंवा पडून गेलेला असतो. आपल्याला वाटतं इथे मोकळं आहे म्हणजे चालायची जागा आहे. जिथे तट दिसत नाही तिथे कडा आहे असं आधीच धरून चाला.

तटावरून चालत जाता येतं का? सगळे जातात.

तटाच्या आतल्या बाजूने जी रुंद वाट असते तिला फांजी म्हणतात, पहारेकरी तिथूनच फिरायचे, ती शाबूत असेल तिथे चालायला हरकत नाही. पण फांजीवरून वर चर्येवर, म्हणजे कंगोऱ्यांवर चढून बसणं, तिथून पाय बाहेर सोडणं, हे नको. चुन्याचं बांधकाम आहे, दोन-तीनशे वर्षं खारा वारा खाऊन चुना सुटलाय, वड-पिंपळाची मुळं सांध्यात घुसून चिरे सुटे करतात, वरून मात्र चिरा जागच्या जागी दिसतो. हाताने ढकलून बघितला तर हलत नाही आणि वजन टाकलं की सरकतो. चिरा पकडून वर चढायचं नाही, चिऱ्याला टेकून उभं राहायचं नाही. भुयारं, चोरदिंड्या (छुपे छोटे दरवाजे) यांच्यात पण आत शिरू नका, वरचं छत कशावर उभं आहे ते कुणाला माहीत नसतं.

वाऱ्याचं एवढं काय? वारा तर मस्त वाटतो.

मस्त वाटतो म्हणूनच. सकाळी वारा कमी असतो, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. जमीन तापली की दुपारी उलटतो, आणि मार्च-एप्रिल-मे मध्ये तीन-चार वाजता तर कड्यावर उभं राहवत नाही इतका जोर असतो. वारा कड्याला आपटून वर चढतो आणि बुरुजाच्या खिडकीतून, तटाच्या खिंडारातून निघताना त्याचा वेग एकदम वाढतो. तुम्ही तटाच्या आडोशाने आरामात चाललेले असता आणि तट संपतो तिथे अचानक झटका बसतो. नेमकी तीच जागा सगळ्यांना फोटोसाठी आवडते.

टोपी उडाली तर उडू द्या. खरंच. टोपी, ओढणी, गॉगल, फोन काहीही काठाकडे गेलं की हात आणि त्यामागे पाय आपोआप जातो, विचार नंतर येतो. त्यामुळे टोपीला हनुवटीखाली बंद असावा, ओढणी बांधून घ्या, साडीचा पदर खोचून घ्या, छत्री आणूच नका.

फोटो, रील?

घ्या की, इतक्या लांब आलाय. फक्त तीन गोष्टी. ज्याचा फोटो काढायचाय त्याला ‘थोडं मागे हो’ असं सांगायचं नाही, कधीच नाही, मागे-पुढे व्हायचं ते फोटो काढणाऱ्याने, आणि तेही आधी मान वळवून बघून. चालताना स्क्रीनकडे बघायचं नाही. आणि सेल्फीमध्ये पाठ समुद्राकडे होते म्हणजे आपल्याला काठ दिसत नाही, त्यामुळे काठाजवळ सेल्फी नकोच, दुसऱ्याला काढायला द्या. ग्रुपमध्ये एक जण असा ठेवा ज्याच्या हातात फोन नाही, तो फक्त माणसं बघेल. मी तर म्हणतो घरातली जी काकू सगळ्यांना ओरडते तिलाच हे काम द्या, आणि तिचं ऐका.

आजी-आजोबांना आणि लहान मुलांना नेता येईल का?

रत्नदुर्ग सगळ्यात सोयीचा, गाडी वरपर्यंत जाते, मग थोड्या पायऱ्या आणि भगवतीचं देऊळ. गुडघे दुखणाऱ्यांना पण दर्शन होतं. देवळात बसायला सावली आहे, त्यांना तिथे बसवून बाकीच्यांनी किल्ला फिरा.

कोर्लई वेगळं. दीपगृहापर्यंत रस्ता आहे, पुढे पायऱ्या आणि चढ, आणि किल्ला लांबट-चिंचोळा आहे, एका डोंगराच्या सोंडेवर, दोन्ही बाजूंना उतार. हा पोर्तुगीजांचा किल्ला, १७४० च्या सुमारास मराठ्यांकडे आला. दरवाज्यामागून दरवाजे, तोफा, पडकं चर्च, पोर्तुगीज लेख कोरलेल्या शिळा, बघण्यासारखं खूप आहे, त्यामुळे शाळेतली मुलं रमतात. खालच्या कोर्लई गावात अजूनही पोर्तुगीजमधून घडलेली बोली बोलतात, मुलांना ऐकवा. पण पाच वर्षांखालचं मूल असेल तर एका मुलामागे एक मोठा माणूस, हात धरून, आणि तो मोठा माणूस फोटो काढणार नाही. बाळाला खांद्यावर बसवून कड्याजवळ जाणारे बाबा दिसतात, कृपा करून हे करू नका, वाऱ्याचा झटका आला तर आधी तोल तुमचा जातो.

पावसाळ्यात हिरवंगार दिसतं म्हणे, जाऊ का?

हिरवंगार दिसतं. जाऊ नका, म्हणजे कड्याच्या बाजूला तरी नका. जांभ्यावर शेवाळ येतं, शूज कितीही महाग असले तरी घसरतात, दरड त्याच दिवसांत सुटते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांची वीण हे मोठं कारण, पण खवळलेला समुद्र हेही आहे. ज्यांचं पोट दर्यावर आहे ते नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मगच परत बोटी काढतात. आपण तेवढा धीर धरू शकतो.

विजेचा गडगडाट ऐकू आला की किल्ल्याच्या उंच टोकावरून, एकट्या झाडापासून, झेंड्याच्या खांबापासून, तोफांपासून लांब व्हा आणि गाडीत जाऊन काचा लावून बसा. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेला की मग बाहेर.

साप, विंचू असतात का?

असतात. रत्नागिरीच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, फुरसं सापडतं, लहानसा, मातीच्या रंगाचा, दगडाखाली बसणारा विषारी साप. तटाच्या फटीत हात घालायचा नाही, बसायच्या आधी दगड बघायचा, घोट्यावर येणारे बूट आणि फुल पँट. चावला तर बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिक तर नाहीच. तो हात किंवा पाय न हलवता सरळ सरकारी दवाखान्यात, आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालतं. सापाला मारून सोबत न्यायची गरज नाही.

कोकणातला लाल विंचू पण हलक्यात घेऊ नका, मुलांना तर फार त्रास होतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून असंख्य जीव वाचवलेत, म्हणजे उपचार आहे, फक्त वेळेत पोचायला हवं. बुरुजांवर आग्या मोहोळं असतात, तिथे सिगारेट, अत्तर, मोठा स्पीकर, दगड मारणं काहीही नको.

सोबत काय घ्यायचं?

पाणी, माणशी दोन लिटर, किल्ल्यावर मिळेल असं धरू नका. बडोद्याच्या कोरड्या उन्हाची आपल्याला सवय आहे, पण तिकडे ३३ अंशातच घामाच्या धारा लागतात, दमट हवेत तो वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. वर वाऱ्यामुळे गरम होतंय हेच कळत नाही, आणि मग चक्कर येते. चक्कर यायला कड्यासारखी वाईट जागा नाही. ओआरएस ठेवा, लिंबू-मीठ-साखर ठेवा, थेपले आणि लिला चिवडा तर आपण ठेवतोच. चांगली पकड असलेले बूट, टॉर्च (फोनचा नाही, वेगळा), शिट्टी, पॉवरबँक, थोडी दोरी, फर्स्ट एडचा डबा. मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, कड्याच्या मागे नेटवर्क जातं.

बडोद्याहून कसं जायचं?

रत्नागिरीला ओखा-एर्नाकुलमसारख्या काही गाड्या बडोद्याहून थेट आहेत, साधारण बारा तास धरा, पण रोज नाहीत, आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल वेगळं असतं, गाड्या हळू धावतात. कोर्लईसाठी मुंबई गाठून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याची रो-रो, मग अलिबाग, रेवदंडा. स्वतःची गाडी घेऊन रात्रभर चालवून पहाटे पोचून डायरेक्ट किल्ल्यावर जाणारे ग्रुप असतात, त्यांना हात जोडून सांगणं आहे की आधी झोपा. झोप न झालेल्या माणसाचा पाय सपाट रस्त्यावर पण अडखळतो.

सूर्यास्त बघायला थांबलो तर?

थांबा, पण कड्यावर नाही. डिसेंबरमध्ये सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो, त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांत वाट दिसेनाशी होते, आणि तोवर डोळे उजेडाकडे बघून दिपलेले असतात. रत्नदुर्गला देवळाच्या आवारातून किंवा परतीच्या रस्त्यावरून, कोर्लईला खाली उतरून. सूर्य तोच असतो.

दगड आठवण म्हणून आणला, नाव कोरलं, ड्रोन उडवला, तर काही होतं का?

कोर्लई, जयगड हे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षित किल्ले आहेत, तिथे नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ड्रोनला परवानगी लागते, किनाऱ्यावर तर जास्तच विचारतात. आणि कायद्याचं सोडा, एक चिरा काढला की त्याच्या वरचे सुटतात आणि ते पुढच्या कुणाच्या तरी डोक्यात पडतात.

कुणी पडलंच तर पहिलं काय करायचं?

त्याच्यामागे उतरायचं नाही, उडी मारायची नाही. माहीत आहे, आपलं माणूस असतं, पण एकाचे दोन होतात आणि मग वाचवायला कुणी उरत नाही.

११२ लावा, पोलीस-ॲम्ब्युलन्स सगळं त्यातून होतं. ॲम्ब्युलन्ससाठी १०८. माणूस पाण्यात असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. किल्ल्याचं नाव, दीपगृहाच्या कुठल्या बाजूला, माणूस खडकावर आहे की पाण्यात, हे तीन सांगा. दुसऱ्या एकाने जवळच्या जेटीवर धावत जाऊन कोळ्यांना सांगावं, होडी बहुतेक वेळा तेच सगळ्यात आधी काढतात. पाण्यातल्या माणसाकडे रिकामी बंद बाटली, रिकामा कॅन, दोरी, जे तरंगेल ते टाका आणि त्याला ओरडून सांगा की खडकाकडे पोहू नको, उताणा पडून तरंग, कारण लाट खडकावरच आपटते. एकाने नजर त्याच्यावरून हलवायची नाही, बोट त्याच्याकडे रोखून ठेवायचं, लाटांमध्ये माथं क्षणात दिसेनासं होतं. खडकावर पडला असेल आणि लाट तिथे येत नसेल तर मान-पाठ हलवू नका, पाणी पाजू नका, पांघरूण घाला, बोलत राहा.

हे तीन नंबर निघायच्या आधी, घरीच, सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, आजोबांच्या साध्या फोनमध्ये पण.